उमेदवारीचे ऋण

ऋण काढून सण करू नये, ही शिकवण आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. आजोबांनी ती वडिलांना दिली, वडिलांनी मला. आणि मी मात्र पुढे चौतीस वर्षे बँकेत बसून लोकांना ऋण देण्याचेच काम केले! त्यामुळे यंदा वसुबारसेच्या संध्याकाळी मुलाने माझ्यापुढे कर्जाचा अर्ज ठेवला, तेव्हा हसावे की गंभीर व्हावे ते मला कळेना. अर्ज माझ्या नातीच्या शिक्षणाचा होता. तिला वास्तुविशारद, म्हणजे आजच्या बोलीत आर्किटेक्ट, व्हायचे आहे. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, महाविद्यालय खाजगी. फी, वसतिगृह, संगणक, नकाशांचे कागद आणि प्रतिकृतींचे पुठ्ठे असा सगळा खर्च धरून मुलाने दहा लाखांचा आकडा काढला होता. एवढी रक्कम म्हटली की बँक तारण मागते, आणि आमच्या घरात तारण ठेवण्याजोगी वस्तू एकच : माझी ठाण्याची दोन खोल्यांची जागा.

चकल्या तळता तळता सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून एकच प्रश्न विचारला, "सही करायच्या आधी त्या पोरीला पुढे पगार किती मिळणार, ते तरी विचारलंत का?"

प्रश्न रास्त होता. चौतीस वर्षांत प्रत्येक अर्जदाराला मी तोच विचारला होता. पण नातीकडे पाहिले आणि शब्द घशातच राहिले. ती म्हणाली, "आजोबा, पगाराचं मला खरंच नाही माहीत. मला घरं बांधायला शिकायचंय."

मी भाऊबीजेपर्यंत मुदत मागून घेतली. बँकेतली माझी एक सवय होती. अर्ज आला की अर्जदाराचा मागचा खातेउतारा पाहायचा. यापूर्वी कोणाचे देणे केले होते, ते कसे फेडले, हे पाहायचे. नातीचा मागचा उतारा कुठून असणार? मग मनात आले, आपण या व्यवसायाचाच उतारा काढू. घरे बांधण्याची विद्या आजवर माणसे कोणाच्या पैशाने शिकली, आणि ते देणे त्यांनी कसे फेडले? दिवाळीचे चार दिवस मी त्यातच घालवले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

उताऱ्याचे पहिले पान फार जुने आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये व्हिट्रुव्हियस नावाचा वास्तुविशारद होऊन गेला. त्याचा दहा भागांचा ग्रंथ आजही वास्तुकलेचे विद्यार्थी नावाने तरी ओळखतात. सहाव्या भागाच्या आरंभी त्याने आपल्या आईबापांचे आभार मानले आहेत. त्यांनी आपल्याला विद्या शिकवली म्हणून. त्याच ओघात तो अथेन्सच्या एका कायद्याची गोष्ट सांगतो. म्हातारपणी मुलांनी आईबापांना सांभाळावे असे इतर ग्रीकांचे कायदे सरसकट सांगत. अथेन्सचा कायदा मात्र हा हक्क मुलांना एखादी कला शिकवणाऱ्या आईबापांनाच देई. म्हणजे शिक्षण हे तेव्हाही देणेच होते. फक्त धनको घरातला होता, आणि वसुली त्याच्या म्हातारपणी व्हायची. मुलाला पुरते कमावते होईपर्यंत वेळ मिळे.

आपल्याकडे गवंडी, पाथरवट, सुतार यांच्या घरी शिक्षणाचा निराळा खर्चच नसे. मुलगा बापाच्या हाताखाली ओळंबा धरायला शिके. परक्याचा मुलगा आला तर तो उमेदवार म्हणून राही; पडेल ते काम करी, पोटापुरते खाई, आणि हात बसला की मोकळा होई. 'उमेद' हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा अर्थ आशा. हाती काही नसताना केवळ आशेवर काम करतो तो उमेदवार! अक्षरविद्येचा मार्ग निराळा, पण तत्त्व तेच. माझे आजोबा पुण्यात वार लावून जेवले आणि शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ते देणे त्यांनी त्या घरांना कधी फेडले नाही. पण पुढे आमच्या घरी दर मंगळवारी एक परका मुलगा पानावर असे. फेड अशी पुढच्या पिढीकडे जाई. तिला व्याज नव्हते की मुदत नव्हती.

विलायतेत हाच व्यवहार नाण्यांत होत असे. तेथील तीन खाती मी मुद्दाम उघडून पाहिली.

पहिले खाते जॉन सोन याचे. हा १७५३ साली एका विटा रचणाऱ्या गवंड्याच्या घरी जन्मला. पंधराव्या वर्षी लंडनमध्ये जॉर्ज डान्स या वास्तुविशारदाच्या कचेरीत शिरला. रॉयल अकॅडमीत शिकताना १७७६ साली सुवर्णपदक मिळाले आणि त्यापाठोपाठ राजाची प्रवासवृत्ती : साल्याचे ६० पौंड, तीन वर्षे. तो इटलीला गेला. तेथे एका उमराव बिशपने त्याला मोठ्या कामाचे गाजर दाखवले. सोन मुदतीआधीच मायदेशी परतला, आणि बिशपने काम काही दिले नाही. १७८० साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरलेल्या या सुवर्णपदकवाल्याच्या डोक्यावर १२० पौंडांचे कर्ज होते. म्हणजे दोन वर्षांच्या वृत्तीइतके. पुढची काही वर्षे त्याने दुरुस्त्या, डागडुजी, पडेल ते केले. आणि १७८८ साली हा कर्जबाजारी गृहस्थ कोणाचा वास्तुविशारद नेमला गेला? बँक ऑफ इंग्लंडचा! पंचेचाळीस वर्षे त्याने त्या बँकेची इमारत वाढवली आणि घडवली. कर्जखात्यावर आयुष्य काढलेल्या मला ही गोष्ट वाचून किती बरे वाटले म्हणून सांगू! पण माझ्यातल्या कारकुनाने लगेच पेन्सिलीने टीप केली : विद्या संपल्यापासून स्थिर कमाई होईपर्यंत आठ वर्षे.

दुसरे खाते आपल्या ओळखीचे आहे. कादंबरीकार म्हणून जगाला ठाऊक असलेला टॉमस हार्डी आधी वास्तुविशारद होता. १८५६ साली, सोळाव्या वर्षी, त्याच्या बापाने त्याला डॉर्चेस्टरच्या जॉन हिक्स या वास्तुविशारदाकडे शिकायला ठेवले. त्या काळी अशा उमेदवाराच्या बापाला गुरूला रक्कम मोजावी लागे. हिक्सचा नेहमीचा दर १०० पौंड. हार्डीची आई मोठी व्यवहारी. सगळी रक्कम आधीच रोख देतो, पण कमी करा, असा तिने सौदा केला आणि तो ४० पौंडांवर तुटला. म्हणजे सुरुवातीची वर्षे मुलाने कमावले काही नाही, उलट घरून दिले. १८६२ साली तो लंडनला आर्थर ब्लोमफील्डच्या कचेरीत लागला, तेव्हा पगार साल्याचा ११० पौंड. चाळीस पौंड भांडवल आणि सहा वर्षांची उमेदवारी. नंतर साल्याचे एकशेदहा. त्या बाईचा हिशेब वाईट नव्हता!

तिसरे खाते अमेरिकेतले, फ्रँक लॉइड राइट यांचे. विद्यापीठाची पदवी न घेताच हे १८८७ साली शिकागोला आले आणि आठवड्याच्या ८ डॉलरांवर नकाशे काढू लागले. पुढे लुई सलिव्हन या नामांकित वास्तुविशारदाने त्यांना आपल्या कचेरीत घेतले. १८८९ साली लग्न ठरले, घर हवे झाले. तेव्हा राइट यांनी सलिव्हनशी पाच वर्षांचा करार केला आणि त्याच्याकडूनच ५००० डॉलर उसने घेतले. कर्ज देणारा आणि पगार देणारा माणूस एकच. हप्ते पगारातून जाऊ लागले, संसार वाढला, हात आखडला. तेव्हा राइट कराराविरुद्ध रात्री घरी बसून परक्या गिऱ्हाइकांच्या घरांचे नकाशे करू लागले. १८९३ साली हे उघडकीस आले आणि गुरुशिष्यांची ताटातूट झाली. गंमत अशी की हेच राइट १९३२ साली स्वतः गुरुकुल काढून बसले, तेव्हा शिष्यांकडून फी घेत आणि शिवाय शेतात, स्वयंपाकघरात नि बांधकामावर राबवूनही घेत. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ती फी वाढवून साल्याची ११०० डॉलर केली. ऋणकोचा धनको झाला की त्याची दृष्टी बदलते, हे बँकेत बसणाऱ्याला नव्याने शिकावे लागत नाही!

आता आपल्या मुंबईकडे येऊ. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईची कलाशाळा सुरू झाली. वास्तुकलेचे शिक्षण तेथे पुढे आले. १९१७ साली तिच्या माजी विद्यार्थ्यांनी आपली एक संघटना उभारली. गेटवे ऑफ इंडियाचे रचनाकार जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. तीच पुढे १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. क्लॉड बॅटली हे शिक्षक १९२३ ते १९४३ या काळात तेथे वास्तुकलेचे प्रमुख होते, आणि त्याच वेळी त्यांची स्वतःची कचेरीही मुंबईत चालू होती. शाळा आणि कचेरी यांत तेव्हा फार अंतर नव्हते.

माझे मामा त्याच परंपरेच्या शेपटाशी होते. फोर्टमधल्या एका कचेरीत ते ट्रेसर म्हणून लागले. दिवसभर ट्रेसिंग कापडावर शाईने रेघा ओढायच्या आणि संध्याकाळी वर्गाला जायचे. परीक्षा देत देत त्यांनी सरकारी पदविका मिळवली, तेव्हा त्यांचे लग्न होऊन दोन मुले झाली होती. त्यांना आठनऊ वर्षे लागली. पण त्या सगळ्या वर्षांत दर पहिल्या तारखेला, थोडा का होईना, पगार हातात पडत होता. आजीच्या तोंडी एक वाक्य नेहमी असे, "बाळ्याच्या शिक्षणाला आम्ही दमडी घातली नाही, घातली असेल तर ती त्याच्या डब्याला."

आणखी दोन मराठी मातीतली खाती पाहा. अच्युत कानविंदे हे कोकणातल्या आचऱ्याचे. जे. जे. मधून शिकून बाहेर पडल्यावर १९४५ साली सरकारने त्यांना पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत हार्वर्डला धाडले. तेथे वॉल्टर ग्रोपियस त्यांचे गुरू. १९४७ मध्ये परतून ते सरकारच्याच वैज्ञानिक संशोधन परिषदेत वास्तुविशारद झाले. पुढे कानपूरची आय. आय. टी. आणि वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र त्यांच्या हातून उभे राहिले. पैसा सरकारने घातला आणि देशाने तो इमारतींच्या रूपाने वसूल केला.

बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, लाकडी सामान बनवणाऱ्या कुटुंबात झाला. तेही जे. जे. चेच विद्यार्थी. १९५१ साली ते पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या कचेरीत दाखल झाले. अट काय? पहिले आठ महिने पगार नाही. पाव, चीज आणि ऑलिव्ह यांवर त्यांनी ते दिवस काढले. पुढे अहमदाबादेत त्यांनी केलेले काम आणि १९६२ साली स्थापन केलेली वास्तुकलेची शाळा सर्वश्रुत आहे. २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. तेव्हा त्यांचे वय नव्वद होते.

दोशींच्या त्या आठ महिन्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. समजा, त्या मुलाच्या नावाने पुण्याच्या एखाद्या बँकेत खाते असते आणि सातव्या महिन्यात पहिला हप्ता पडणार असता, तर? तो पॅरिसला टिकला असता काय?

या सगळ्या खात्यांत एक गोष्ट सारखी दिसते. हा व्यवसाय उशिरा पिकणारा आहे. वकिलाचा खटला, वैद्याचा रोगी यांच्याकडून आपले चुकले की साधले हे बऱ्याच वेळा लवकर कळते. इमारतीचे तसे नाही. कागदावर पहिली रेघ ओढल्यापासून महापालिकेची मंजुरी, पाया, गिलावा, आणि अखेर गच्चीवर पहिला पावसाळा पडून कुठे गळते ते कळेपर्यंत दोनतीन वर्षे सहज जातात. अशा तीनचार इमारती डोळ्यांखालून गेल्याशिवाय हात बसत नाही. म्हणून पदवी हाती आली तरी उमेदवारी संपलेली नसते. खरे तर ती तेव्हाच सुरू होते. पूर्वी या उमेदवारीचा भार कोणी ना कोणी उचलत होते : बाप, गुरू, राजा, सरकार, किंवा मामांसारखा स्वतःचाच तुटपुंजा पगार.

मग बदल कुठे झाला? १९५८ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला वास्तुविशारदांची एक परिषद भरली आणि तेथे ठरले, की हे शिक्षण कचेऱ्यांतून काढून विद्यापीठांत न्यावे. हेतू चांगला होता. विद्येचा दर्जा वाढावा, प्रतिष्ठा वाढावी. आपल्याकडेही १९७२ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' हे बिरूद नोंदणीकृत पदवीधरांपुरते राखले गेले आणि पाच वर्षांचा अभ्यासक्रम रूढ झाला. पण उमेदवार कचेरीतून वर्गात गेला, तसा त्याचा पगार बंद झाला आणि फी सुरू झाली. ती कोणी भरायची? इंग्लंडने आधी उत्तर दिले : सरकारने. १९६२ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना फी माफ झाली आणि निर्वाहवृत्तीही मिळू लागली. मग हात आखडत गेला. १९९० साली कर्जे आली. १९९८ साली साल्याची हजार पौंड फी आली. २००६ साली ती तीन हजारांपर्यंत आणि २०१२ साली नऊ हजारांपर्यंत चढली. वास्तुविशारदाला तेथे पाच वर्षे विद्यापीठात काढावी लागत असल्याने नुसत्या फीचेच ४५ हजार पौंड झाले. हार्डीच्या आईचे चाळीस पौंड कुठे आणि हे कुठे!

आपल्या देशात १९६३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय ऋण शिष्यवृत्ती सुरू केली. ती बिनव्याजी होती, आणि शिक्षकी पेशा पत्करणाऱ्याला दर वर्षाच्या सेवेमागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ होत असे. धनकोला ऋणकोच्या कामाचे मोल कळत होते, असे म्हणायला हरकत नाही. पुढे २००१ साली बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. देशातल्या शिक्षणाला साडेसात लाखांपर्यंत आणि परदेशातल्या शिक्षणाला पंधरा लाखांपर्यंत कर्ज, आणि चार लाखांपर्यंत तारण नाही. नंतर या मर्यादा वाढल्या. त्या योजनेचे पहिले अर्ज मी स्वतः हाताळले आहेत. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी पदवी पाहिली नव्हती अशा मुली त्या पैशावर शिकल्या. त्या योजनेला मी नावे ठेवणार नाही. पण तिच्या मुदतीच्या रकान्यात एकच नियम : अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, यांतले जे आधी ते, की हप्ता सुरू. अर्जदार कोणत्या विद्येचा, तिला पिकायला किती काळ लागतो, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नव्हता.

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी असाच एक तरुण वास्तुविशारद माझ्या टेबलापाशी आला होता. जुने वाडे आणि देवळे दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कचेरीत तो कामाला होता. पगार थोडा, पण चुन्याच्या गिलाव्याबद्दल बोलू लागला की त्याचा चेहरा उजळे. त्याला आणखी दोन वर्षांची मुदत हवी होती. मी नियम दाखवला. तीन हप्ते थकल्यावर त्याच्या वडिलांच्या नावाची नोटीस माझ्याच सहीने गेली. सहाएक महिन्यांनी तो पेढे घेऊन आला. खाते नियमित झाले होते. तो आता एका बिल्डरकडे सदनिका विकत होता. मी त्याची पाठ थोपटली आणि घरी येऊन मोठ्या समाधानाने जेवलो. आज तो पेढा आठवतो आणि घास अडतो.

धनत्रयोदशीला मी वही घेऊन बसलो. हिशेबाच्या सोयीसाठी दसादशे दहाचा दर धरला. दर वर्षाच्या आरंभी दोन लाख याप्रमाणे पाच वर्षांत दहा लाख. शिक्षणाची पाच आणि सवलतीचे एक अशा सहा वर्षांचे सरळव्याज चार लाख. म्हणजे पहिला हप्ता पडेल तेव्हा डोक्यावर चौदा लाख असतील. दहा वर्षांत फेडायचे तर महिना १८,५०० रुपये; एकूण भरणा बावीस लाखांवर. पंधरा वर्षांत फेडायचे तर महिना १५,०४४. एकूण सत्तावीस लाखांवर. मग शेजारीपाजारी, नात्यात, जी मुले गेल्या दोनचार वर्षांत ही पदवी घेऊन बाहेर पडली त्यांच्याकडे चौकशी केली. पहिल्या नोकरीचा पगार बहुतेकांचा पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान. म्हणजे हप्ता भरला की मुलीच्या हातात लोकलचा पास आणि डबा एवढेच उरणार. कधी तेही नाही.

पगार इतका थोडा का? एक कारण असे, की नव्या पदवीधराला कचेरी अजून उमेदवारच समजते. आणि ती समजूत अगदी खोटी नाही. दुसरे कारण कायद्यात आहे. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की १९७२ चा कायदा 'आर्किटेक्ट' या बिरुदाचे रक्षण करतो. इमारतीचे आराखडे करण्याचे काम इतरांना त्याने बंद केलेले नाही. म्हणजे दहा लाखांत नाव मिळते, पण त्या नावाच्या कामाची मक्तेदारी मिळत नाही. हे कागद वाचले तेव्हा माझ्यातला अधिकारी म्हणाला, अर्ज नामंजूर. आकडे जुळत नाहीत.

पण मग सोनची आठ वर्षे आठवली, दोशींचे आठ महिने आठवले. आकडे त्यांचेही पहिल्या वर्षी जुळले नसते. प्रश्न विद्येच्या मोलाचा नव्हता; वेळेचा होता. विद्या पिकते दहाव्या वर्षी आणि हप्ता येतो सातव्या वर्षी. मधली ही तीनचार वर्षे कोण सांभाळणार? ऑस्ट्रेलियाने १९८९ साली यावर एक तोड काढली : पदवीधराची मिळकत ठरावीक रकमेच्या वर गेली तरच वसुली करायची, तोवर नाही. इंग्लंडनेही १९९८ पासून तोच मार्ग धरला. तेथे देणे अनेक वर्षे पाठीशी राहते, ही त्याची दुसरी बाजू. पण निदान उमेदवारीच्या काळात कोणी दार वाजवत नाही. आपल्याकडे व्याजाची काही सवलत मिळते, तीही उत्पन्नाची मर्यादा पाहून. हप्त्याला मात्र पगाराची ओळख नाही. आपल्या बँकांना ती कधी तरी करून द्यावी लागेल. तोवर ज्याच्या घरात कोणी म्हातारा निवृत्तिवेतन घेत बसला आहे, त्याने काय करावे?

भाऊबीजेच्या सकाळी मी नातीला जवळ बसवले आणि वहीतले सगळे आकडे तिला दाखवले. तिने ते दोनदा तपासले. एका ठिकाणी माझी बेरीज चुकली होती, ती दुरुस्त केली. चेहरा जरा उतरला. म्हणाली, "आजोबा, मग नको का?"

मी म्हणालो, "सही करतो. पण सहा वर्षांचे व्याज कर्जात चढू द्यायचे नाही. ते मी दरसाल भरीन."

पहिल्या वर्षी वीस हजार, दुसऱ्या वर्षी चाळीस, असे चढत जाऊन सहा वर्षांचे चार लाख. माझ्या ठेवीतून ते निघतात. शिकत असतानाच व्याज भरणाऱ्याला बहुतेक बँका दरात थोडी सूटही देतात. मग सातव्या वर्षी तिच्या डोक्यावर चौदाऐवजी दहाच लाख राहतील आणि पंधरा वर्षांच्या मुदतीने हप्ता १०,७४६ रुपयांवर येईल. त्याहूनही पहिली दोन वर्षे जड गेली, तर निम्मा हप्ता तिच्या बापाने द्यायचा, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले. बदल्यात तिने एवढेच कबूल केले आहे, की पदवीनंतरची पहिली दोन वर्षे पगार पाहून कचेरी निवडायची नाही. जेथे बांधकामाच्या जागेवर उभे राहायला मिळेल तेथे जायचे. सर्वांना ही सोय नाही, हे मी जाणतो. त्या वाडे दुरुस्त करणाऱ्या मुलाला ती नव्हती. माझ्या सहीने त्याची उमेदवारी संपली. आता त्याच सहीने एकीची सुरू होते आहे, इतकेच.

सौभाग्यवतींना अजून हा व्यवहार पटलेला नाही. "जागा गहाण टाकून बसलात," असे त्या दिवसातून एकदा तरी म्हणतात. त्यांचे चूक नाही. दस्तऐवज बँकेच्या तिजोरीत आहेत आणि माझे वय बहात्तर आहे. पण काल संध्याकाळी पाहतो तो नात हातात टेप घेऊन आमच्या दोन खोल्यांची मापे घेत होती. खिडकी कुठे, ऊन कुठून येते, मोरीचा उतार कोणीकडे, हे सगळे तिने वहीत काढले होते. सौभाग्यवती टेपचे दुसरे टोक धरून उभ्या होत्या.